धर्मोपदेशकाची जाळी

तापवलेल्या क्षारांच्या कोठारातली उष्णता तेवढीच होती, यंत्राचा आवाज नेहमीसारखाच संथ होता, कोठे गळती नव्हती. तरीही चंद्रावरच्या त्या वसाहतीत हरितगृहाचे दिवे सकाळपासून मंदावत चालले होते. असे का व्हावे, हे कोणालाच उमगेना.

शर्वाणी भाताच्या वाफ्यापाशी उभी होती. चंद्रावर पिकणारा हा पहिला भात तिने आपल्या हातांनी लावला होता. लोंब्यांतला दाणा आता दुधात होता. अशा वेळी ऊब आणि उजेड तुटला, तर दाणा भरत नाही, हाती नुसते पोचट येते. बाहेर चंद्रावरची रात्र होती, पृथ्वीवरच्या पंधरवड्याएवढी दीर्घ. दिवसा सूर्याने तापवून ठेवलेल्या क्षारांची उष्णता घेऊन तिचे आजोबा, श्रीपादराव, यांचे यंत्र या साऱ्या काळात वीज करीत असे.

वसाहतीच्या प्रमुख रेणुकाताई दारात आल्या. आजोबा शर्वाणीजवळच उभे होते. "श्रीपादकाका, हवा आणि पाणी आधी. संध्याकाळपर्यंत यंत्र सुधारलं नाही, तर हरितगृह बंद करावं लागेल. शर्वाणी, बाळ, माझाही नाइलाज आहे गं."

त्या गेल्यावर शर्वाणी आजोबांबरोबर यंत्रघरात आली. आदल्याच दिवशी खंडेनवमी झाली होती. ज्या साधनांवर आपण जगतो, त्यांना त्या दिवशी विश्रांती द्यावी, स्वच्छ करावे आणि हात जोडावेत, ही रीत वसाहतीने पृथ्वीवरून सोबत आणली होती. आजोबांनी यंत्र थांबवून त्याची झाकणे उघडून दिली होती, शर्वाणीने ते आतून पुसले होते, आणि आज सकाळी ते पुन्हा सुरू झाले होते. झेंडूचा हार अजून ताजा होता.

"रुसलं असेल ते," स्वयंपाकघरातला यंत्रमानव धोंडू चहा घेऊन आला होता, तो म्हणाला. "पण का रुसावं? हार त्यालाच मिळाला. मला नुसतं गंधाचं बोट."

"तुला हार घातला असता, तर तू त्याची कोशिंबीर केली असतीस," आजोबा म्हणाले. मग नातीकडे वळून म्हणाले, "यंत्रालाच विचारू या. थंड बाजूच्या नळीवर हात ठेव बघू. जपून."

शर्वाणीने हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "आजोबा, ही तर गरम आहे. रोज कोमट असते."

आजोबांच्या कपाळावरची आठी सैल झाली. "म्हणजे उष्णता कमी पडत नाही, वाया जाते आहे. आता नीट ऐक. यंत्रात वायू कोंडलेला आहे. तो गरम बाजूला गेला की प्रसरण पावतो (फुगतो) आणि दट्ट्याला (नळकांड्यात मागेपुढे सरकणाऱ्या भागाला) ढकलतो. थंड बाजूला गेला की आकुंचन पावतो, आणि दट्ट्या परत येतो. या येरझाऱ्यांतून वीज. पण वायू थंड बाजूला जाताना आपली सगळी उष्णता तिकडे नेऊन सांडू लागला, तर?"

"परत आल्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून तापवावं लागेल."

"बरोबर. आपण देवळात जाताना चपला दाराशी ठेवतो आणि येताना त्याच घालतो. दर वेळी टाकून दिल्या आणि नव्या घेतल्या, तर?"

"आई घरात घेणार नाही."

"तसंच. वायूच्या वाटेवर दाराशी उष्णता ठेवायची सोय हवी. ती एका सत्पुरुषाने शोधली."

आणि आजोबांनी, एखाद्या ऋषीचे चरित्र सांगावे तशा आदराने, रॉबर्ट स्टर्लिंग यांची कथा सांगितली. स्कॉटलंडमधल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा पुरुष धर्मशास्त्र शिकून चर्चचा धर्मोपदेशक झाला. त्या काळी वाफेच्या यंत्रांचे बाष्पपात्र (पाण्याची वाफ करणारे भांडे) फुटे आणि कामगार प्राणास मुकत. स्टर्लिंगांचे यंत्र वाफेऐवजी हवेवर चाले. त्यात फुटायला तसे पात्रच नव्हते. धर्मोपदेशक झाले त्याच वर्षी, १८१६ साली, त्यांनी पुनरुष्मकाचा (उष्णता राखून परत देणाऱ्या भागाचा) शोधहक्क (पेटंट) नोंदवला. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्यांचे अभियंता बंधू जेम्स यांच्या साहाय्याने डंडी शहरातल्या ओतशाळेत (धातू वितळवून ओतण्याच्या कारखान्यात) असे यंत्र काही वर्षे चालले. पण तेव्हाचे लोखंड त्या उष्णतेपुढे टिकेना, आणि तिथे पुन्हा वाफेचे यंत्र आले.

"मग ते फार खचले असतील," शर्वाणी हळूच म्हणाली.

"गाल्स्टन नावाच्या गावात ते पन्नासहून अधिक वर्षं उपदेश करत राहिले. म्हातारपणी त्यांनी म्हटलं होतं, की चांगला धातू मिळाला असता तर हे यश तेव्हाच आलं असतं. पुढच्या युगातला कोणी कुशल कारागीर ते काम पुरं करील, अशी त्यांची आशा होती."

"उष्णता ठेवायची ती जागा दिसते कशी?"

"साधी. मधल्या नळीत दाट बसवलेली बारीक तारांची जाळी. गरम वायू जाताना तिला उष्णता देतो, थंड वायू येताना ती परत घेतो."

शर्वाणीचा चेहरा उतरला.

"आजोबा, तो तारांचा गोळा मी काल काढला. मला वाटलं, कोणाची तरी घासणी आत राहिली. मी ती धोंडूला दिली."

"उत्तम घासणी आहे," धोंडू अभिमानाने म्हणाला. "कढई आरशासारखी झाली."

आजोबा इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "झाकण लावताना मीही आत डोकावलो नाही, पोरी. अर्धी चूक माझी. जा, घेऊन या."

जाळीला कढईचा वास येत होता. तिघांनी ती धुतली, वाळवली, शर्वाणीने तिची एकेक तार सरळ केली आणि स्वतः जागेवर बसवली. वायू भरला. यंत्र फिरू लागले. थंड बाजूची नळी हळूहळू कोमट झाली, आणि हरितगृहात पांढराशुभ्र उजेड भाताच्या पात्यांवर उतरला.

"त्यांचे आभार कसे मानायचे?" शर्वाणीने विचारले. "ते तर कधीच गेले."

"आपल्याकडे याला ऋषिऋण म्हणतात," आजोबा म्हणाले. "ते फुलांनी फिटत नाही. विद्या शिकावी आणि दुसऱ्याला शिकवावी, तेव्हा थोडं फिटतं."

एवढ्यात रेणुकाताई लगबगीने आत आल्या. "काका, काय केलंत? दिवे तर पूर्वीसारखे झाले."

आजोबांनी नातीसमोर रेणुकाताईंसाठी एक स्टूल सरकवले, स्वतः जमिनीवर मांडी घातली आणि ऐकायला बसले.

शर्वाणीने एकदा यंत्राकडे पाहिले, हात जोडले आणि म्हणाली, "ताई, बसा. फार पूर्वी स्कॉटलंडमध्ये एक धर्मोपदेशक होते..."