चालवून बघण्याची सोय

नेवेनाच्या चाकांच्या बाजारपिशवीचं एक चाक पार्सल ऑफिसच्या उंबऱ्यात अडकलं, आणि नेमका त्याच वेळी पावसानं तिरका मारा सुरू केला. पिशवी आजीची. एरवी तिच्यातून कोबी आणि लाल मिरच्या जायच्या. आज आजीचीच शाल पांघरून अख्खा कॉम्प्युटर बसला होता.

"उचलू का?" मागून कुणीतरी विचारलं.

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की रांगेतले म्हातारे वळून बघायला लागले. मग ओशाळून, "म्हणजे... हळू उचला. पिशवी आजीची, आणि आत नाजूक आहे."

"अंडी?"

"कॉम्प्युटर."

"मग अंडी परवडली," तो म्हणाला आणि त्यानं पिशवी अलगद आत ठेवली. उंच, भिजलेला, भुवईवर पावसाचा एक थेंब – पडावं की थांबावं हे त्या थेंबाचंही ठरत नव्हतं. नेवेना त्या थेंबाकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली.

बल्गेरियातल्या रुसे शहरात जाहिरातीवरून वस्तू मागवायची तर सुज्ञ माणसं एकच धर्म पाळतात: बघून-चालवून. पार्सल काउंटरवरच फोडायचं, बूट असतील तर घालून चार फेऱ्या मारायच्या, मिक्सर असेल तर फिरवायचा, आणि पसंत पडलं तरच पैसे द्यायचे. मागं एका मुलीनं इथंच लग्नाचा पोशाख घालून पाहिला होता. रांगेनं तो एकमतानं नापास केला.

नेवेनानं हा धर्म एकदाच मोडला होता. 'आजोबा यावर फक्त पत्ते खेळायचे' अशी जाहिरात वाचून तिनं ग्राफिक्स कार्ड मागवलं आणि भिडेपोटी न चालवताच पैसे दिले. घरी कार्डानं स्वतःचं नाव अगदी बरोबर सांगितलं. खरं फक्त तेवढंच. आत कित्येक वर्षांपूर्वीची चिप होती. तिला कुणीतरी पोपटासारखं नवं नाव पढवलं होतं. आजोबांच्या पत्त्यांना ते पुरलं असतं. नेवेनाला मात्र करकोचा उडवायचा होता.

करकोचा म्हणजे तिची छोटीशी ॲनिमेशन फिल्म. थंडी पडली तरी दक्षिणेला जायला नकार देणारा एक करकोचा. सोमवारी दुपारपर्यंत फिल्म राजधानी सोफियातल्या स्टुडिओत पोचली तर नोकरीची आशा. नाही तर मामाच्या टाइल्सच्या दुकानात 'तात्पुरती' खुर्ची तिची वाट बघत होतीच, आणि त्या खुर्चीत तात्पुरतं बसलेलं माणूस निवृत्त होऊनच उठतं. आज शनिवार. नव्यानं मागवलेलं दुसरं कार्ड इथं येऊन पडलं होतं, आणि ऑफिस एकला बंद होणार होतं.

आणि पिशवीच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळून, ते बनावट कार्ड होतं. 'तुलना करायला', असं ती स्वतःला सांगत होती. मागवलेल्या कार्डाचं नाव, स्टिकर, पंखे, सगळं हुबेहूब तेच. चाचणी झाली की चांगलं कार्ड पिशवीत, बनावट कार्ड खोक्यात, आणि 'नापसंत' म्हणून परत... खोटी नोट अशीच तर फिरते. आपल्या हातात आली की पुढं सरकवायची. सगळं इतकं सोपं होतं, की सकाळपासून तिनं तो टॉवेल तीनदा सोडून पुन्हा गुंडाळला होता.

काउंटरवर त्सोंका मावशी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या. सगळं रुसे त्यांना 'लेल्या' म्हणजे मावशीच म्हणायचं, वयानं मोठी माणसंसुद्धा.

"लेल्या, भिंतीवरच्या टीव्हीला माझी वायर जोडू का?"

"जोड बाई. त्या जाहिराती बघून माझे डोळे गेलेत." आणि त्या भिजलेल्या तरुणाकडे बघून, काही तरी माहीत असल्यासारख्या, गालात हसल्या. "तुझं काय रे? तुझंही पार्सल?"

"मी... पाऊस थांबायची वाट बघतोय."

"बघ, बघ. नोव्हेंबरातला पाऊस. मार्चपर्यंत थांबेल."

नेवेनानं पार्सल फोडलं आणि कॉम्प्युटरची बाजू उघडली. तो न विचारता शेजारी येऊन बसला. आलेलं कार्ड त्यानं फक्त कडांना धरलं, झोपलेल्या बाळाची टोपी काढावी तसं. असल्या बोटांच्या माणसाशी निदान पंधरा मिनिटं तरी बोलायला हरकत नाही, असं तिला वाटलं.

"दुकानातून का नाही घेतलंत?" त्यानं विचारलं.

"गेले होते ना. दुकानदार म्हणे, मॅडम, मेमरी बघा मेमरी! दुप्पट!"

"घोडा मरतुकडा आणि खोगीर चौघांचं."

"तेच! मग दुसरं दाखवलं. पंखे तीन, दिवे सात रंगांचे."

"रात्री संडासला जाताना उपयोगी."

ती खुदकन हसली, आणि मग हसल्याचीच तिला धास्ती वाटली.

"नावावर जाऊ नका," तो पुढं म्हणाला. "याच नावाची दोन भावंडं आहेत. एकाची मेमरी चपळ, दुसऱ्याची सुस्त. विकणारा फक्त आडनाव सांगतो. म्हणून आतले आकडे कंपनीच्या आकड्यांशी ताडून बघा. आणि चाचणीला तुमचंच काम चालवा. नवरदेव चांगला नाचतो म्हणून कुणी... म्हणजे, संसारात नाच कितीसा लागतो?"

"तुम्हाला बरंच कळतं."

"फसलोय."

"घेताना?"

"विकताना." तो हलक्या आवाजात म्हणाला. "पाठवलेलं कार्ड नापसंत म्हणून परत आलं. खोकं माझंच होतं. आत दुसरंच, मेलेलं कार्ड."

नेवेनाचे कान तापले. तिनं पायानं पिशवी जरा आपल्याकडे ओढली.

"बदलणाऱ्याची... काही अडचण असेल," ती पुटपुटली.

"असेल. माझीही होती."

टीव्हीवर करकोचा आला. पिसन् पीस वाऱ्यावर हललं, अडखळलं नाही. आकडे जुळले, मेमरी चपळ निघाली. रांगेतली माणसं पार्सलं विसरून बघायला लागली.

"हा का जात नाही गं दक्षिणेला?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"त्याचं मन नाही, आजोबा."

"खुळाच आहे. घरटं भाड्याचं नसेल."

तो तरुण मात्र पडद्याकडे बघता बघता तिच्याकडे बघायला लागला होता, आणि भुवईवरचा थेंब कधीच गळून पडला होता.

पंखा घरघरला. नेवेना दचकून कार्डावर वाकली. "या स्क्रूवरचं सील तुटलंय!"

तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

"विकणाऱ्याला विचार की," लेल्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दिवाळखोर नाटक कंपनीला अचानक हाऊसफुल्ल मिळाल्याचा आनंद होता.

नेवेनानं फोन काढला. 'यावोर, रुसे' एवढंच तिला विकणाऱ्याबद्दल माहीत होतं. तिनं लिहिलं: सील कुणी तोडलं?

शेजारच्या खिशात एक बदक ओरडलं.

तिनं फोनकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुम्ही...?"

"मी यावोर."

"म्हणजे इतका वेळ मला माल खपवत होतात!"

"पाळत ठेवायला आलो होतो," तो म्हणाला. "पुन्हा कुणी कार्ड बदलू नये म्हणून. मग तो करकोचा आला, आणि..." त्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. "सील मीच तोडलं. चिप थंड ठेवणारा आतला लेप वाळला होता, तो बदलायला. हे कार्ड काकाच्या गॅरेजमध्ये क्रिप्टोची नाणी खणत होतं, महिनोन् महिने, दिवसरात्र. जाहिरातीत मी लिहिलंय, बहिणीनं चित्रं काढायला वापरलं."

"मग?"

"मला बहीण नाही."

रांगेतून कुणीतरी चुकचुकलं.

"चिप चांगली आहे," तो म्हणाला, "पण पंखा कधीही मान टाकेल. नका घेऊ."

"एक वाजत आला," लेल्या म्हणाल्या. "नापसंत असेल तर पार्सल आत्ताच कुलपात जाईल, ते सोमवारी संध्याकाळी निघेल. मालक समोर उभा असला तरी हातात देता येत नाही. नियम आहे."

यावोरनं कॉम्प्युटर बंद करून कार्ड काउंटरवर काढून ठेवलं, मग तो खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. तिला ठरवायला मोकळीक मिळावी म्हणून. पाळत ठेवायला आलेल्या माणसानं पाठ फिरवली होती.

आता तर सगळंच सोपं झालं होतं. तो खोटारडा, तोंडानं कबूल केलेला. त्याचं कार्ड बदललं तर पाप कसलं, उलट पुण्यच! नेवेनाचा हात पिशवीच्या तळाशी गेला. टॉवेल लागला... तिला त्या ओल्या सदऱ्याची पाठ दिसत होती, जराशी पोक काढून उभी राहिलेली, फटका येणार हे ठाऊक असल्यासारखी.

"यावोर, वळ इकडे."

तिनं टॉवेल सोडून बनावट कार्ड काउंटरवर ठेवलं.

"हे काय?"

"तुला परत येणार होतं ते कार्ड."

लेल्यांनी बी दातांत तशीच धरली. यावोरनं एक कार्ड पाहिलं, मग दुसरं.

"स्टिकर झकास चिकटवलंय," तो म्हणाला.

"मी नाही. मला ज्यानं विकलं त्यानं."

"आणि तू मला..."

"हो."

"कधी ठरवलं होतंस?"

"तू अंडी म्हणालास, त्याच्याही आधी."

"आणि रद्द कधी केलंस?"

"आत्ता. तू पाठ फिरवल्यावर." तिचे डोळे भरून आले. "आधीच केलं असतं तर जास्त शोभलं असतं – पण खरं हे आहे."

त्यानं बनावट कार्ड टॉवेलात गुंडाळलं, चांगलं कार्ड तिच्यासमोर सरकवलं.

"माझ्याकडे एक जादा पंखा आहे," तो म्हणाला. "घेऊन येऊ? म्हणजे... तुझ्या आजीला चालेल?"

"पसंत की नापसंत?" लेल्या शिक्का उगारून ओरडल्या. "मला सुनेकडे जेवायला जायचंय!"

"पसंत," नेवेना म्हणाली. कुणाबद्दल, हे विचारण्याची लेल्यांना गरज वाटली नाही.

पंखा रविवारी दुपारीच गेला, आजी चीजची गरम बनित्सा वाढत असताना. यावोरनं तोंडातला घास संपवायच्या आत दुसरा बसवला. आजीनं त्याला बनित्सा परत वाढली. तिच्या मते पंखा बसवणं हे हृदयाच्या शस्त्रक्रियेइतकंच नाजूक काम होतं.

सोमवारी दुपारच्या आत करकोचा सोफियाला पोचला. स्टुडिओ काय म्हणेल, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर बंद झाला, आणि दोन दिवसांच्या घरघरीनंतरच्या शांततेत दोघंही एकाएकी परक्यासारखे सावरून बसले.

"चल... निघतो," यावोर म्हणाला. त्यानं कोट चढवला. बटणं लावली, एक काढून पुन्हा लावलं.

"जा." नेवेना फोनवर काहीतरी टाइप करत होती. वर बघेना.

तो दारापर्यंत गेला, आणि खिशातलं बदक ओरडलं. खरेदीदारानं विक्रेत्याला पाचपैकी चार चांदण्या देऊन मत नोंदवलं होतं:

'जाहिरातीत खोटं लिहितो. विचारलं की खरं सांगतो. बहीण नाही. पंखा बंद पडला तेव्हा जातीनं हजर होता. कार्ड परत करणार नाही. विक्रेताही.'

यावोरनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग दारातच उभं राहून, कानापर्यंत लाल होत, त्यानं विचारलं,

"चांदण्या चारच?"

"पाचवी," नेवेना म्हणाली आणि त्याच्या कोटाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण सोडवायला लागली, "अजून चालवून बघायचीय."