उजव्या हाताची खुर्ची

ही घडलेली गोष्ट आहे. हिल्माबाईंनी ती मला त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी बसून सांगितली. तिचा शेवट तर मी स्वतः पाहिला. तेव्हापासून रविवारी मी त्या रस्त्याने जात नाही.

मिनेसोटाच्या उत्तरेला, आमचं तळ्याकाठचं गाव. मार्चमधला रविवार.

रात्र नव्हती, अमावास्या नव्हती... भर दुपार होती. लख्ख ऊन पडलं होतं आणि वळचणीचा बर्फ टपटपत होता.

रविवारी हिल्माच्या घरी पोकर ठरलेला. पैसे नाहीत, राजम्याचे दाणे लावायचे. पत्ते मात्र वाटायची हिल्माच. पिसताना एकाही पानाचं तोंड दिसायचं नाही. फेकलेलं पान ज्याच्या त्याच्या पुढ्यात जाऊन थांबायचं. लबाडीचा हातही तिला येत होता. दुसऱ्याची पकडता यावी म्हणून बापाने शिकवला होता. तिने स्वतः तो कधी वापरला नव्हता.

वाटणाऱ्याला लबाडी करता येऊ नये म्हणून आधी उजवीकडच्याने पत्ते कापायचे, म्हणजे गड्डीचे दोन भाग करायचे, हा नियम. तिथे तिचा भाऊ रेइनो बसायचा. तो कधीच कापायचा नाही. गड्डीवर बोटाने दोनदा टकटक करायचा.

"माझ्या बहिणीने पिसलेत. कापायचे कशाला?"

आदल्या हिवाळ्यात रेइनो तळ्यावरचा बर्फ फुटून खाली गेला, तो कायमचा. खुर्ची रिकामी राहिली. मग समोरून शेजारचा वाल्टर हात लांबवून पत्ते कापू लागला.

त्या दुपारी तिघंच होते. हिल्मा, वाल्टर आणि डावीकडे तिचा एकुलता एक मुलगा आर्नी. मामाची गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची खोपटी आता त्याची होती. खेळ संपला की गाडी घेऊन तो तिकडेच निघणार होता.

"आज नको जाऊस रे," वाल्टर म्हणाला. "वळचण ऐकतोयस ना? तळ्यावरचा बर्फ आतून पोकळ झालाय."

"वाल्टरकाका, तुम्ही सरबतातल्या बर्फालाही घाबराल!"

हिल्मा हसली. हसण्याच्या नादात जुन्या सवयीने तिने गड्डी उजवीकडे सरकवली.

टक... टक.

"आई, गुडघा सांभाळ, टेबलाला लागतोय," आर्नी म्हणाला.

तिचा गुडघा हलला नव्हता. वाल्टरचा कप ओठांशीच थांबला होता.

"बघ, मामाने डाव मान्य केला. आता त्यालाही वाट."

"आर्नी, थट्टा पुरे."

"अगं, सख्खा भाऊ आलाय, त्याला काय नुसतं बसवून ठेवणार?"

हिल्माने चौघांना पत्ते वाटले. पहिलं पान पालथं, पुढची एकेक करून उताणी.

खुर्चीपुढे राजा पडला. मग अजून एक राजा.

वाल्टरने डाव सोडून पत्ते टाकून दिले. हिल्मानेही टाकले. आर्नीपुढे दोन राण्या होत्या. आता त्याला आणि खुर्चीला एकेकच पान वाटायचं राहिलं होतं.

घरात ओल्या लोकरीचा वास येऊ लागला...

तो रेइनोच्या कोटाचा वास होता.

आर्नीचे दाणे संपले. त्याने खिशातून खोपटीची चावी काढली आणि मधे टाकली.

"घे मामा, तुझीच होती. जिंकलास तर ठेव. मी आपला घरी बसून आईचा पाव खातो."

खुर्ची करकरली... कुणी पुढे वाकावं तशी.

हिल्माची नजर चावीवर गेली. हा चावी न्यायला आलाय. आणि चावीबरोबर... ती डावावर लावणाऱ्यालाही!

तिने अंगठ्याने हळूच गड्डीचा कोपरा उचलून पाहिला. वर छक्की होती. तिच्याखाली राणी. छक्की आर्नीला गेली की दोन राजे दोन राण्यांवर भारी, डाव रेइनोचा; राणी गेली तर तीन राण्या, डाव आर्नीचा.

आयुष्यात पहिल्यांदाच हिल्माचा हात खोटा चालला. छक्की जागच्या जागी राहिली आणि खालची राणी सरकत आर्नीपुढे गेली. कुणाच्याही लक्षात आलं नाही. छक्की उजवीकडे पडली.

आर्नीने खुर्चीपुढचं पालथं पान उलटलं. दुर्री.

"हरलास मामा!"

त्याने चावी उचलली, आईच्या कपाळाची पापी घेतली आणि शीळ घालत निघून गेला. बाहेर गाडी सुरू झाली.

ओल्या लोकरीचा वास गेला होता.

हिल्माने सुटकेचा श्वास टाकला आणि वेलदोड्याचा पाव कापायला घेतला. "वाचलं बाई माझं पोर."

वाल्टर त्या दोन राजांकडे बघत होता.

"हिल्मा... डाव रेइनोने जिंकला असता ना, तर पोरगं आज घरी बसलं असतं."

सुरी तिच्या हातातून पडली. ती तशीच, पायात नुसते मोजे घालून तळ्याकडे धावली. वाटेतच तिला तो आवाज आला... लांबलचक, जमिनीखालून आल्यासारखा.

काठावर पोचली तेव्हा गाडी दिसली नाही. चाकांच्या खुणा दिसल्या... आणि त्या संपल्या तिथे काळं पाणी.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं तोही रविवारच होता. सांगता सांगता त्यांचे हात पत्ते पिसतच होते. मला राहवलं नाही.

"रेइनो अजून येतो?"

त्यांनी पिसणं थांबवलं. गड्डी उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली आणि कॉफी ओतायला उठल्या. मी कान देऊन बसलो. टकटक झाली नाही. मला बरं वाटलं. मी त्यांच्या हातून कप घेतला.

परत पाहिलं...

गड्डीचे दोन भाग झाले होते. शेजारी शेजारी, नीट ठेवलेले.

हिल्माबाईंनी मान वर केली नाही.

"हल्ली तो कापतो," त्या म्हणाल्या.