आठ दिवस फळीवर

"स्प्रिंग म्हणजे वसंत ऋतू? काहीही फेकू नकोस हं!" तो भडकलाच. चिमट्यातली तुटकी पोलादी गुंडाळी त्यानं तिच्या नाकासमोर नाचवली. "ही बघ स्प्रिंग. ही तुटलीय, म्हणून तुझं घड्याळ बंद."

"झरा म्हणजेही स्प्रिंग. उडी मारणं म्हणजेही." ती काउंटरवर कोपर टेकून हसत होती. "इंग्रजीत आहे तसं. माझ्यावर कशाला डाफरतोस?"

नववीतच शाळेला रामराम ठोकून तो मामाच्या घड्याळांच्या दुकानात बसलेला... आणि समोर ही मास्तरीण! आजोबांचं गजराचं घड्याळ दुरुस्तीला टाकायला आली आणि पाच मिनिटांत त्याची अक्कल काढून गेली.

केवढा चिडला होता तो तेव्हा! आज वर्षभरानं तेच आठवून त्याला एकट्यालाच हसू फुटत होतं.

दुकानाचा नियम साधा. दुरुस्त झालेलं घड्याळ आठ दिवस फळीवर ठेवायचं. मिनिटभरही मागं पडलं नाही, तरच गिऱ्हाइकाच्या हातात. तिचं घड्याळ पहिल्याच आठवड्यात ठणठणीत झालं होतं. पण ती यायच्या आदल्या दिवशी तो पाठीमागचा बारीक दांडा हळूच सरकवायचा... की काटे रेंगाळलेच.

"परत चार मिनिटं मागं?"

"परत. आठ दिवसांनी ये."

मामा भिंगातून बघत म्हणायचा, "बाकीची घड्याळं सुतासारखी सरळ होतात, आणि त्या पोरीचं तेवढं हट्टी होय रे गाढवा?"

दर खेपेला ती त्याच शब्दाचं काहीतरी नवं घेऊन यायची. एकदा तर जाडजूड डिक्शनरीच उचलून आणली. "मुळात अर्थ एकच – उसळून वर येणं. जमिनीतून पाणी, फांदीतून पालवी... म्हणून तो ऋतू. आणि तुझी गुंडाळी, दाबली की उसळते."

"आणि दाबूनच ठेवली तर?"

ती कानातलं चाचपत राहिली. त्याच्या हातातला स्क्रू घरंगळला तो कुठं गेला, ते अजून सापडलेलं नाही.

मग ती शिकायला दूर निघाली. जायच्या दिवशी आली, तर घड्याळ तीन मिनिटं मागं. तो एवढंच म्हणाला, "अजून आठ दिवस..."

"राहू दे. सुट्टीत नेईन," म्हणाली, आणि गेली.

त्याच संध्याकाळी त्यानं दांडा जागेवर आणला. सहा महिन्यांत मिनिटभर चुकलं नाही बिचारं.

आणि आत्ता तिचा फोन. "चारच्या बसनं उतरतेय. घड्याळ झालं?"

"ते... झालंच होतं गं. पहिल्याच आठवड्यात. मीच मागचा–"

"–दांडा सरकवायचास. माहितीये. आजोबांनी लहानपणीच दाखवला होता मला."

"मग बोलली का नाहीस?" त्याचा आवाज चढलाच.

"बोलले असते, तर दर आठ दिवसांनी कशाला आले असते, मठ्ठा?"

फळीवर पावणेचार. त्यानं घड्याळ उचललं, शर्टाला पुसलं.

"मामा, मी चाललो! नाही, चहा नको, काही नको... मला आत्ता निघायला हवं!"