दोरीचे दोन हिसके

दोरी वैष्णवीच्या हातून निसटली, की तिनेच सोडली?

साईनाथने हे सगळ्यांना विचारलं. पोलीसपाटलाला, पोरांना, शेवटी ओहोळालासुद्धा.

वैष्णवी त्याची थोरली बहीण, डोळखांबकडच्या पाड्यावर शिक्षिका. शाळेची पोरं ओहोळ ओलांडायची ती गाठी मारलेली दोरी धरून. एकेकाला एकेक गाठ, शेवटची तिची. मागून दोन हिसके आले की समजायचं, बाई ठीक आहेत, पुढं चला. गेल्या श्रावणात दोन हिसके आले, पोरं काठाला लागली आणि त्यांच्यामागून नुसती ओली दोरी आली.

तिने पोरांकडून रंगवून घेतलेली चित्रं जपानमधल्या एका संग्रहालयात लागली. पोरांना बोलावणं आलं. बाईंच्या भावाशिवाय पोरं निघेनात, म्हणून चौथीत शाळा सोडलेला साईनाथही विमानात बसला. पिशवीत तीच दोरी.

"गुरं हाकायला चाललास का रे?" हेडमास्तर रामू सर हसले.

"पोरांना सवय हाय, सर."

संग्रहालयात दुपारची वेळ. सर बाहेर फोटो काढत होते. आत, खिडक्या नसलेल्या लांबलचक दालनात, पोरं आपापलं चित्र शोधत होती. एकाएकी जमीन हलली. भिंतीवरच्या चौकटी खडखडल्या, दिवे गेले, कुठेतरी काच फुटली. साईनाथने पिशवीतून दोरी बाहेर ओढली.

"दोरी धरा! गाठ सोडायची नाय!"

पुढचं टोक मनगटाला गुंडाळून साईनाथ भिंत चाचपत निघाला. शेपटाला मोठं माणूस ठेवायचं राहूनच गेलं, हे त्याला अर्ध्या वाटेत आठवलं. तेवढ्यात वास आला. गढूळ पाण्याचा, कुजक्या पेंढ्याचा.

"मागं... मागं कोण हाय?"

मागून दोन हिसके आले.

दाराबाहेर पांढरंशुभ्र ऊन होतं. त्याने दारात उभं राहून एकेकाला ओढून बाहेर काढलं. सगळ्यांत शेवटी धोंडी. सर धावत आले, पोरं मोजली, पुन्हा मोजली. सगळी होती.

"दादा, आपली येष्टी याच्यापेक्षा जास्त हलते रे!" मनस्वी म्हणाली. रडता रडता पोरं हसली. साईनाथचा जीव भांड्यात पडला.

"धोंडी, तुझ्या मागची गाठ रिकामी होती ना?"

"नाय. बाईंनी धरलीय," धोंडी तळवा चड्डीला पुसत म्हणाला. "त्यांचा हात लय गार हाय."

दोरी अजून ताणलेलीच होती. दारातून आत, अंधारात.

"ताई..." साईनाथने एक पाय आत टाकला. जमीन पुन्हा हलली. वरून काचेचा चुरा पडला. पहारेकरी पोरांना मैदानाकडे लोटत होता, पण साईनाथला सोडून एकही पोर दारातून हलेना.

"दादा, चल ना..."

आतून दोन हिसके आले. अगदी हलके.

साईनाथने मनगटाचा वेढा सोडवला आणि मूठ उघडली. दोरी पडली नाही. ती आत गेली, सावकाश, थांबत थांबत, कोणी कोपरावर गुंडाळून घेत असावं तशी.