अकरा फुल्या

मतपेटीतून नव्वद मतपत्रिका निघाल्या आणि एक कोरा कागद. मत द्यायला मात्र खेकड्याच्या कारखान्यातले एक्क्याण्णव कामगार आले होते.

कामगार संबंध मंडळाचे वकील ग्रॅहम टिंगली यांनी तिसऱ्यांदा मोजून पाहिलं. आकडा काही हलेना. युनियन नको म्हणणारे सत्तेचाळीस, हवी म्हणणारे त्रेचाळीस.

"एक पत्रिका कुणीतरी पळवली," ते म्हणाले. "कंपनी म्हणते, फर्नांदने. युनियनतर्फे पेटीशेजारी तीच बसली होती."

"चार मतांनी हरलेली बाई एक पत्रिका पळवून काय तिचं लोणचं घालणार?" तपासनीस ओबेलीन हाशे म्हणाली.

मंडळाच्या कामात वकिलाने कायदा सांभाळायचा आणि तपासनिसाने चिखल तुडवायचा, अशी वाटणी असते. ओबेलीनला चिखलाची हौस होती. ती किनाऱ्यावरच्याच गावातली, बावीस वर्षं या नोकरीत मुरलेली. टिंगली शहरातले, सरळ आणि जरा सावकाश डोक्याचे.

ती एकेक पत्रिका उजेडात तिरकी धरून दोन ढीग करत होती. मोठ्या ढिगातल्या फुल्यांमध्ये लाकडाच्या उभ्या रेषा उमटल्या होत्या. मतदानाच्या आडोशात लिहायला कच्ची फळी ठेवली होती, तिच्या त्या रेषा. धाकट्या ढिगात अकराच पत्रिका, सगळ्या 'नको'च्या. त्यांच्या घड्या जास्त होत्या आणि फुल्या ठिपक्याठिपक्यांच्या.

"पेन्सिल बोथट झाली असेल," टिंगली म्हणाले.

"असेल बापडी," ओबेलीन म्हणाली. त्या सुरात काहीतरी होतं, पण ते टिंगलींच्या लक्षात यायला वेळ लागायचा.

फर्नांद माझेरोल बाहेर बाकावर बसली होती. पन्नाशीची, खेकडे फोडून बोटं वाकडी झालेली. "बाई, सगळे म्हणतात मी विकली गेले. काल सख्ख्या नणंदेनं तोंडावर दार लावलं," ती म्हणाली. "नोकरी जाईल ती जाईल. पण या गावात मी राहू कशी?"

टिंगलींनी मान खाली घातली. फर्नांदवर ठपका बसला तर तिची नोकरी जाणार होती, आणि निकाल कायम राहिला तर वर्षभर पुन्हा मतदान नाही.

मत द्यायला जाताना आणि परतताना प्रत्येक कामगाराला तिघेच भेटत होते. ओबेलीनने त्या तिघांचे जबाब त्यांच्या त्यांच्या जागीच घेतले. एकेका सुट्या कागदावर, आणि सही पेन्सिलीने.

"जबाबावर पेन्सिलीची सही? हे काय भलतंच?" टिंगली कुजबुजले.

"इथे कागद दमट होतो, वकीलसाहेब. पेन रुसतं."

मुकादम ओनेझिम कामावरून पाच-पाच जणांना मत द्यायला सोडत होता. "युनियन आली काय नि गेली काय, खेकडा वाट बघत नाही," तो गुरकावला. "त्या फर्नांदला मी आधीच काढलं असतं." छातीशी धरलेल्या गुळगुळीत पत्र्याच्या पाटीवर कागद ठेवून त्याने सही ठोकली.

कॅन्टीनवाल्या लेदाने जाणाऱ्या-येणाऱ्यांना चहा दिला होता. "मी कुणाच्या अध्यात नाही नि मध्यात नाही," ती म्हणाली आणि पाऊण तास बोलली. यंदा खेकडा उशिरा आला. कुणाचेच तास भरत नव्हते, आणि तास भरल्याशिवाय हिवाळ्यात बेकारीभत्ता नाही. मग तिने टेबलावरच्या चौकडीच्या मेणकापडावर सही केली.

भांडारवाला एव्हारिस्त सगळ्यांत गोड. आत जाताना ॲप्रन-हातमोजे त्याच्या खिडकीत काढून द्यायचे, परतताना घ्यायचे. "फर्नांद म्हणजे देवमाणूस. मी स्वतः युनियनवाला आहे," तो म्हणाला. हंगामानंतर शेड धुण्याचं तीन आठवड्यांचं काम असतं, त्याची यादी आपणच करतो, हेही त्याने मोठेपणाने सांगितलं. ओले हातमोजे घसरू नयेत म्हणून खिडकीच्या फळीवर फोडाफोडांची रबरी चटई होती. तिच्यावर कागद ठेवून त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओबेलीनने तिघांना आणि फर्नांदला कॅन्टीनमध्ये बसवलं.

"पत्रिका पळवली गेली, हे खरं," ती म्हणाली. "पण फर्नांदने नाही. पहिल्या माणसाने पेटीत साधा कागद टाकला आणि कोरी पत्रिका खिशात घालून बाहेर आणली. बाहेर बसलेल्याने तिच्यावर 'नको'ची फुली मारून ती दुसऱ्याच्या हातात दिली. दुसऱ्याने ती पेटीत टाकली आणि स्वतःची कोरी बाहेर आणली. मग तिसरा. कोरी हातात पडली की बाहेरच्याला खात्री, की माणूस सांगितल्याप्रमाणे वागला. अशा अकरा."

"हा तुमचा तर्क झाला," टिंगली सवयीने म्हणाले. "पुरावा?"

"आडोशातल्या फळीवर मारलेल्या फुलीत लाकडाच्या रेषा येतात. या अकरांत त्या नाहीत, म्हणजे त्या फुल्या दुसरीकडे मारल्या. कुठे, ते पेन्सिलच सांगते. कागदाखाली जे असेल ते ती वर आणते, म्हणून तर पेन्सिलीने सह्या घेतल्या." तिने तीन जबाब मांडले. "ओनेझिमची सही साफ. लेदाबाईंच्या सहीत चौकडी. आणि ही ठिपक्यांची."

टिंगलींनी अकरातली एक पत्रिका तिसऱ्या सहीशेजारी धरली. ठिपक्याला ठिपका जुळत होता.

"एव्हारिस्त," फर्नांद हळूच म्हणाली.

एव्हारिस्तचं गोड तोंड एकदम आंबट झालं. "मॅनेजरने सांगितलं," तो पुटपुटला. "पेटीत कोरा कागद टाकला तो मीच. मग अकरा जणांना शेड धुण्याचं काम. तीन आठवडे. त्यांचे तास भरत नव्हते हो. मी कुणाचं वाईट केलं?"

"पटणारे म्हणून अकरा जण तू हेरलेस, आणि चोर ठरली ही," ओबेलीन म्हणाली. "हिच्याबद्दल देवमाणूस म्हणताना जीभ नाही झडली?"

टिंगलींचा आवाज पहिल्यांदाच ठाम झाला. "मतदान रद्द करा, असं मी मंडळाला आजच लिहितो. नव्याने होईल. आणि फर्नांदबाईंचा काही दोष नाही, हे निकालात स्पष्ट लिहून घेईन."

फर्नांदच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते तळहाताने पुसलं आणि विचारलं, "कोण ते अकरा?"

एव्हारिस्तने तोंड उघडलं.

"गप्प," ओबेलीन म्हणाली. "मत गुप्त असतं. विकलेलंसुद्धा. मंडळापुढे काय सांगायचं ते सांगशील, इथे नाही."

"पण बाई, ज्यांनी माझ्यावर थुंकून तोंडं फिरवली, त्यांच्यातच ते असणार," फर्नांद म्हणाली. "माझी नणंदही असेल."

"असेल."

"आणि नव्या मतदानाला मी पुन्हा पेटीशेजारी बसायचं? एकेकाच्या तोंडाकडे बघत, हा होता का, ही होती का?"

ओबेलीनने टेबलावरचे तिन्ही जबाब गोळा केले. टिंगलींनी नजर खिडकीकडे वळवली.

फर्नांद उठली. ॲप्रनचा बंद घट्ट आवळला.

"बसेन मी," ती म्हणाली. "पण मी नाही कुणाच्या तोंडाकडे बघणार. बघू दे त्यांना माझ्याकडे."