एका बोटाची जागा

लाइट गेली म्हणजे आता तासभर काही येत नाही. बसा ओट्यावर. आकाश, तो मोबाइलचा उजेड बंद कर बाबा, डोळ्यात जातो. आणि वृषाली, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मागच्या वेळी निम्म्या गोष्टीत फिदीफिदी करून माझा सगळा रंग घालवलास. ही गोष्ट हसायची नाही. माझ्या नोकरीतल्या जोडीदाराच्या घरी घडलेली आहे. बोदवडला, गेल्या साली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

जीवराम त्याचं नाव. रेल्वेत आम्ही बरोबरचे. मी स्टेशनात, तो फाटकावर. एकतीस वर्षं त्यानं फाटक उघडलं आणि फाटक लावलं. तिथे बोलणार कुणाशी? माणूस मुळात घुमा नव्हता, पण बोलायची सवयच गेली त्याची.

तर आखाजीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, जीवराम पिशवी घेऊन लोटन कुंभाराकडे निघाला. घागर घ्यायची होती, ती तर दरवर्षीचीच, पितरांची. आणि एक डेरगं घ्यायचं होतं. तुम्हा पिंप्राळ्याच्या, शहरातल्या पोरांना डेरगं माहीत नसेल. घरातलं कुणी वर्षाच्या आत गेलं असेल, तर त्याच्या पहिल्या आखाजीला घागरीजवळ त्याच्या नावाचा वेगळा माठ भरून ठेवतात. त्याची बायको, बेबाबाई, मार्गशीर्षात गेली होती. रात्री जेवून झोपली ती सकाळी उठलीच नाही.

लोटननं डेरगं वाजवून दिलं. म्हणाला, ‘‘आबा, तुमच्या ललितचा फोन आला होता मले. पोरगी बाळंत झाली म्हणून अभिनंदन केलं. पुण्याले बसून त्याले कसं कळलं हो? आम्ही अजून पाहुण्यांना पण नव्हतं सांगितलं.’’

जीवरामच्या कपाळावर आठी आली. लोटनची पोरगी बाळंत झाली हे त्याला स्वतःला आत्ता कळत होतं!

आता त्याच्या पोटात काय दुखलं ते सांगतो. ललित हा त्याचा एकुलता एक पोरगा, पुण्यात नोकरीला. रोज रात्री सव्वानऊला त्याचा आणि आईचा फोन. जीवरामचं घर खालच्या अंगाला, आत रेंज म्हणून येत नाही, फक्त उंबरठ्यावर येते. बेबाबाई उंबरठ्यावर पाय मोकळे सोडून बसायची आणि गावभरचं सांगायची. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, केळीच्या गाड्या कुठे अडकल्या, भरताची वांगी यंदा कशी बियाळ निघाली, शेजारची सासू-सून बोलायला लागल्या. त्यात काही म्हणजे काही नसायचं! पण पोरगा अर्धा तास ऐकायचा, तिकडे हसायचा. आणि शेवटी जीवरामच्या वाट्याला एक वाक्य यायचं : ‘‘तुहे आबा बरे आहेत.’’ संपलं. फोन बंद.

हा आत खाटेवर बसून ते ऐकायचा आणि जळायचा. मला कितीदा म्हणाला असेल, ‘‘अभिमन, जन्मभर रात्रपाळ्या केल्या मी, पोरगं शिकवलं मी, आणि पोरगं कोणाचं? तिचं. माह्या वाट्याले बरे आहेत, एवढंच.’’ मी म्हणायचो, मग तू बोल की. तर म्हणे, ‘‘ती फोन सोडेल तेव्हा ना!’’

ती गेली. रडला, खोटं कशाला बोलू, पोरासारखा रडला. पण तेराव्यानंतर त्यानं मला हळूच सांगितलं, ‘‘आता तरी तो माह्याशी बोलेल.’’

आणि त्यानं काय केलं माहीत आहे? एक वही घेतली. दिवसभर गावात हिंडायचा, स्टेशनवर बसायचा, बाजारात उभा राहायचा, आणि ललितला सांगायच्या गोष्टी टिपून आणायचा. रात्री सव्वानऊला उंबरठ्यावर बसून वाचायचा. आणि ललित काय म्हणायचा? ‘‘हो आबा, माहीत आहे.’’ जिनिंग मिलसमोरचं लिंबाचं झाड पडलं? माहीत आहे. शाळेला नवीन मास्तरीण आली? माहीत आहे. ‘‘कोणी सांगितलं रे?’’ म्हटलं की पोरगा विषय बदलायचा. चार मिनिटांत फोन खाली.

म्हणजे कोणीतरी सांगत होतं. आपल्या आधी. लोटनकडून घागर आणि डेरगं घेऊन घरी येईपर्यंत जीवरामच्या डोक्यात तेच. कोण चोंबडा आहे हा?

त्या रात्री त्यानं फोन लावला. पहिलं वाक्य, ‘‘उद्या ये. मायची पहिली आखाजी आहे.’’

‘‘आबा, सुट्टी नाही हो. दहा वेळा सांगितलं तुम्हाला.’’

‘‘बरं,’’ म्हणाला आणि ठेवला फोन. मग वाटलं, अरे, लोटनच्या पोरीचं विचारायचं राहिलं. पुन्हा लावला. बिझी. पाच मिनिटांनी लावला. बिझी. वीस मिनिटांनी. बिझी! आता सापडला चोर, म्हणून त्यानं सुनेला, मोहिनीला लावला. ‘‘मोहिनी, ललित कोणाशी बोलून राह्यला एवढा?’’

ती म्हणाली, ‘‘असं काय करता आबा? तुमच्याशीच तर बोलतायत. गॅलरीत उभे आहेत. मी आत्ता स्क्रीनवर तुमचं नाव पाहिलं…’’

जीवरामनं हातातल्या फोनकडे पाहिलं. मग मोहिनीच्याही ते ध्यानात आलं. कारण तिच्याही कानाला जीवरामचाच फोन होता.

दुसरा कोणी असता तर घाबरून शेजारी झोपायला गेला असता. हा नाही. हा जळला. लगेच ओळखलं त्यानं. उंबरठ्याकडे बघून म्हणाला, ‘‘मेली तरी फोन सोडत नाही!’’

दुसऱ्या दिवशी आखाजी. तीस एप्रिल, बुधवार. ऊन असं की विचारू नका. गल्लीत लिंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, आणि जीवराम एकटा स्वयंपाकघरात. पुरणपोळ्या शेजारणीनं दिल्या. त्यानं घागर भरली, डेरगं भरलं, निखाऱ्यावर आगारी टाकली, म्हणजे पितरांच्या नावाचा घास. मग उंबरठा धुतला. आपल्याकडे पितरांच्या नावानं उंबरठ्यावर कुंकवाची बोटं लावतात. एकेकाचं नाव घ्यायचं, एकेक बोट टेकवायचं. हे काम बायकांचं. बेबाबाईच लावायची. कडबाकुट्टीत तिच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर गेलं होतं, तरी कुंकू लावायची त्याच बोटानं. त्यामुळे तिच्या हातचं बोट नेहमी अर्धंच उमटायचं. गल्लीतल्या बाया चेष्टा करायच्या, बेबाबाईचे पितर अर्धपोटी राहतात गं.

त्यांच्या घरची रीत अशी, की नवरा आधी, बायको त्याच्या शेजारी. जीवरामनं बोट टेकवलं. आजा. मग आजी. बाप. मग माय. चार झाली. पाचवं बेबाबाईचं.

बोट कुंकवात बुडवलं त्यानं. आणि थांबला.

‘‘नाही लावत,’’ म्हणाला. ‘‘तुले पाणी भरलं, घास टाकला, पुष्कळ झालं. आधी माह्या पोराले सोड. मग लावतो.’’

बोट धोतराला पुसलं. हे त्यानं स्वतः मला सांगितलं आहे, आणि सांगताना मान वर केली नाही.

रात्री त्यानं ठरवलं, आज फोन लावायचाच नाही. बघू काय करते. खाट ओट्यावर टाकली. मोबाइल दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला. दार सताड उघडं. छातीत जरा जड वाटत होतं, त्याला वाटलं पुरणामुळे असेल. पोरी झोके सोडून घरी गेल्या. तिजेची कोर लिंबाच्या खाली गेली. नऊ वाजले. नऊ दहा.

मग लाइट गेली. अशीच, आत्तासारखी.

आकाश, मागे बघू नको. ऐक.

सव्वानऊला कोनाड्यात उजेड झाला. फोनचा. वाजला नाही. नुसता उजेड. निळा.

त्या उजेडात उंबरठा दिसत होता. रिकामा होता. पण डेरग्यातलं पाणी हललं. टपकन एक थेंब खाली पडला.

आणि मग… बोलणं सुरू झालं.

मोठा आवाज नाही. रोजचाच. रोज आतून ऐकायचा तसाच, फक्त आज तो बाहेर होता आणि आवाज आत.

‘‘…हो. आज आखाजी झाली बाप्पा. लोटननं डेरगं चांगलं देल्लं. पाणी गार होतं…’’

मग थांबायची. तिकडून कोणी बोलत असल्यासारखी.

‘‘…पोळ्या शेजारणीच्या. वेलची कमी होती. झोक्यावर पोरी होत्या, त्यांतली एक पडली, लागलं नाही… हो… माहं बोट नाही लावलं. राहू दे. रागावले आहेत.’’

जीवरामच्या अंगाला दरदरून घाम. उठायचं तर पाय उचलेना. तरी सांगतो तुम्हाला, त्या भीतीत सुद्धा त्याच्या मनात काय आलं असेल? की हिनं हे सगळं बघितलं. पोरगी पडलेली बघितली. मी दिवसभर तिथेच होतो. मला दिसली नाही.

आवाज बारीक झाला. आता संपत आलं, हे त्याला ठाऊक होतं. आता ते वाक्य. चाळीस वर्षं बायको होती, शेवटचं वाक्य त्याला पाठ होतं. तो वाट बघत होता. हो, वाट बघत होता.

‘‘आणि तुहे आबा…’’

गप्प.

डेरग्यातलं पाणी… टप.

‘‘तुहे आबा…’’

टप.

‘‘…बरे नाहीत. ये.’’

उजेड गेला.

रात्रभर जीवराम खाटेवर पडून होता. डोळे उघडे. छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं. हाक मारावी तर आवाज निघेना.

सकाळी सहाला, नुकतंच उजाडलं होतं, तर गल्लीत गाडीचा आवाज. ललित. चेहरा पांढरा, डोळे लाल. रातोरात पुण्याहून गाडी मारत आला होता. ‘‘आबा, काय होतंय तुम्हाला?’’

‘‘तुले कोणी सांगितलं?’’

पोरगा खाटेजवळ टेकला, बापाच्या पाठीखाली हात घातला. मग म्हणाला, ‘‘मायनं.’’

‘‘कधीपासून बोलते ती?’’

‘‘तेराव्यापासून. तुम्ही फोन ठेवला की येतो तिचा. तुमच्या नावानं. मी कोणाला बोललो नाही आबा… बोललो तर बंद होईल, असं वाटलं.’’

त्यानं बापाला उचललं, गाडीत घातलं आणि थेट जळगावला आणलं. डॉक्टर म्हणाले, दोन नसा बंद आहेत, अजून एक दिवस काढला असता तर कठीण होतं. मी दुपारी दवाखान्यात गेलो. नळ्या लावलेल्या, तोंड सुकलेलं, पण मला बघितल्यावर पहिलं वाक्य काय बोलावं माणसानं?

‘‘अभिमन, मी दहा वेळा बोलावलं तर त्याले सुट्टी नव्हती. ती एकदा म्हणाली, तर रातोरात आला.’’

आणि रडला. जळून रडला की कशानं, मला सांगता येत नाही. मग माझा हात धरून म्हणाला, ‘‘एक काम कर. घरी जाऊन ये. ललित मले उचलत होता तेव्हा उंबरठ्यावर काहीतरी दिसलं. नीट दिसलं नाही. तू बघून ये.’’

मी गेलो. ललितकडून किल्ली घेतली, दुपारची गाडी पकडली. बोदवडला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. दाराला कुलूप तसंच. उंबरठ्यावर वाकून बघितलं. जीवरामची चार बोटं वाळून काळपट पडलेली होती. आणि एक बोट लाल होतं. हात लावून बघितलं मी. ओलं होतं. अर्धं उमटलेलं होतं.

रात्री परत दवाखान्यात आलो. तो जागाच होता.

‘‘आहे का?’’

‘‘आहे.’’

‘‘अर्धं?’’

‘‘अर्धं.’’

त्यानं उशीवर मान टेकवली. मग म्हणाला, ‘‘मी नाही लावलं तर स्वतःचं स्वतः लावलं बघ. ऐकायची नाही कोणाचं.’’ थोडा हसला. ‘‘मायच्या शेजारीच लावलं ना?’’

मी हो म्हणालो.

खोटं बोललो. मायच्या शेजारी नव्हतं ते. मायचं बोट, मग एक बोट मावेल एवढी जागा कोरी सोडलेली, आणि मग तिचं.