चमचाभर पाणी

या वेलाची फांदी मी कुणाला देत नाही. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही इतक्या हौसेने मागितलीत, तेव्हा कारणही तुम्हाला सांगायला हवं.

मागच्या चैत्रातली गोष्ट. बाजाराला निघताना मी ही मनीप्लांटची कुंडी कापडी पिशवीत घालून बरोबर घेतली. पाटोद्याला रस्त्याच्या कडेला खाजामियाँची रोपवाटिका आहे. त्यांना कुंडी दाखवायची आणि येताना भाजी घ्यायची, एवढंच काम होतं.

वेल माझ्या आरोहीचा. बीडला कॉलेजात होती. तिथल्या हॉस्टेलमधून तिने बोटभर फांदी आणली आणि आतल्या खोलीत, पलंगाच्या उशाशी लावली. दिवाळीनंतर ती गेली. एकोणीस वर्षांची होती. अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं. ऑपरेशन झालं. तोंडाने पाणी द्यायचं नाही, ओल्या कापसाने ओठ तेवढे पुसा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रात्रभर ती एकच मागत होती.

"आई, चमचाभर दे ना."

घरून नेलेला स्टीलचा चमचा होता. तिच्या लहानपणापासूनचा. औषध पाजलं की ती तो दातात घट्ट धरून ठेवायची. मी ओढायची आणि ती डोळ्यांनी हसायची. त्या रात्री तोच चमचा पाण्याने भरून मी हातात धरून बसले होते. देऊ की नको, देऊ की नको... तिच्याच भल्यासाठी नाही दिलं. उजाडलं तेव्हा चमचा तसाच भरलेला होता.

पुढे वेल पिवळा पडायला लागला. मी पाणी घालत राहिले. आमच्याकडे टँकर आठ दिवसांनी येतो, तरी प्यायच्या हंड्यातलं घालायचे, दिवसातून चार-पाच वेळा. पानं गळत गेली आणि शेवटी तीनच उरली.

खाजामियाँनी मातीत बोट घातलं आणि हुंगलं. मलाही वास आला. जखमेवरच्या जुन्या पट्टीला येतो तसला.

"भाभी, किती पाजता हो याला? मुळ्या सडल्या की. बुडवून मारायला लागलाव तुमी."

त्यांनी काळ्या पडलेल्या मुळ्या छाटल्या, माती बदलली, वाळू मिसळली. मग कुंडी माझ्या हातात देत म्हणाले, "आता पंधरा दिवस एक थेंब न्हाई. मान टाकली तरी न्हाई. पाणी दिलं की गेला समजा."

भाजी न घेताच मी घरी आले आणि कुंडी परत पलंगाच्या उशाशी ठेवली.

पाच दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मालक एसटीत कंडक्टर आहेत. सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. दुपारी घरात मी एकटीच. सहाव्या दिवशी दुपारी लाईट गेली. पंखा हळू होत होत थांबला. बाहेर उन्हाने सगळं गप्प पडलेलं. तेव्हा आतून आवाज आला. कोरडे ओठ एकमेकांपासून सुटतात, तसा. थोडं थांबून पुन्हा.

पाल असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तोच आवाज, आणि त्याबरोबर स्पिरिटचा वास. रात्री मालकांना सांगितलं. वाळलेलं पान पडलं असेल, म्हणाले. मग ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले.

आठव्या दिवशी मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. खिडकी डावीकडे होती, ऊन डावीकडून येत होतं. पण तिन्ही पानं उजेडाकडे पाठ करून पलंगाकडे वळलेली. एकाचं टोक उशीला टेकलेलं.

"आई..."

इतका बारीक आवाज की आधी आपल्याच मनातला वाटावा.

"चमचाभर..."

पाणी दिलं तर वेल जाणार होता. तिचं असं जिवंत काही घरात तेवढंच उरलं होतं. आणि नाही दिलं तर... ते मी एकदा करून बघितलं होतं.

मी चमचा भरून आणला. मातीला टेकवून म्हटलं, "घे, बाळा." पाणी मुरलं नाही, ओढलं गेलं. आणि गिळल्याचा आवाज आला. मी दुसरा चमचा दिला, तिसरा दिला. मग अगदी हळू, "बास."

मी तिथेच फरशीवर बसून पोटभर रडले.

वेल गेला नाही. दोन महिन्यांत तो पलंगाच्या चारी बाजूंनी फिरला. श्रावणात खाजामियाँ बघायला आले आणि हरखून गेले. माझं ऐकलं म्हणून वाचला, म्हणाले. मोठ्या कुंडीत लावून देतो म्हणत त्यांनी वेल मातीतून अलगद वर काढला.

खाली मूळ नव्हतं. एकही नाही. देठ छाटलेला तसाच होता आणि माती पिठासारखी कोरडी.

त्यांनी उकिडवं बसून देठाचं टोक बोटाने चाचपून पाहिलं.

"भाभी... हा पितो कशानं?"

झोपलेलं लेकरू ठेवावं तसा त्यांनी वेल परत ठेवला. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. तेव्हापासून ते घरात येत नाहीत, वेलाची चौकशी रस्त्यावरूनच करतात.

मी रोज दुपारी तीन चमचे पाणी देते. चमचा परत घेते तेव्हा तो कोमट असतो. याची मला सवय झाली आहे.

पण काल तिसऱ्या चमच्यानंतर मी हात मागे घेतला, तर चमचा आला नाही.

मी ओढला नाही. सोडेल तेव्हा सोडेल, म्हणून तशीच वाकून उभी राहिले. दिवेलागणीला मालकांनी कडी वाजवली, तेव्हा कुठे तो सुटला.

हा बघा तो. कडेवरून बोट फिरवा... सावकाश. काल सकाळपर्यंत ही कड गुळगुळीत होती.